घराण्यातलं बीपी नेहमीचंच की जीआरए? शोधायचं कसं, सांभाळायचं कसं

"आमच्या घरात बीपी आहेच. आजोबांना होतं, बाबांना आहे, मला तिशीच्या आत लागलं." दवाखान्यात हे वाक्य कुणी ना कुणी रोज बोलतं, आणि बहुतेकदा ते ऐकल्यावर पुढची चौकशी थांबते. वारशानं आलंय ना, मग एक गोळी सुरू करा, मीठ कमी करा. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतंही. पण काही मोजक्या घरांमध्ये या वाक्यानं चौकशी थांबण्याऐवजी सुरू व्हायला हवी असते. तिथलं बीपी एका नेमक्या जनुकाच्या गडबडीतून आलेलं असतं आणि त्यावर नेमका, अगदी स्वस्त उपाय असतो.

या आजाराचं नाव तोंडात न मावणारं आहे: ग्लुकोकॉर्टिकॉइड-रेमिडिएबल अल्डोस्टेरोनिझम. कागदावर फॅमिलियल हायपरअल्डोस्टेरोनिझम टाइप १ असंही लिहून येतं. आपण इथे जीआरए म्हणू. स्वतःला किंवा घरात कुणाला ही शंका सांगितली गेली असेल, किंवा तपासण्यांची यादी हातात पडून गोंधळ उडाला असेल, तर सुरुवात कुठून करायची ते पुढे पायरीपायरीनं मांडलं आहे.

पायरी १ : शरीरात काय बिघडतं ते एकदा समजून घ्या

हा भाग वाचायचा कंटाळा करू नका. पुढच्या सगळ्या तपासण्या आणि औषधं यातूनच कळतात.

प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर एक अॅड्रिनल ग्रंथी असते. तिच्या सगळ्यात बाहेरच्या थरात अल्डोस्टेरोन हे संप्रेरक तयार होतं, तर त्याच्या आतल्या थरात कॉर्टिसॉल. अल्डोस्टेरोनचं काम म्हणजे मूत्रपिंडाकडून सोडियम धरून ठेवायचं आणि पोटॅशियम लघवीवाटे सोडायचं. शरीरात मीठपाणी कमी पडलं की मूत्रपिंडातून रेनिन सुटतं आणि त्या साखळीतून अल्डोस्टेरोन वाढतं. मीठ पुरेसं झालं की रेनिन उतरतं आणि अल्डोस्टेरोनही उतरतं. कॉर्टिसॉलचा कारभार निराळा आहे. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच नावाचा निरोप पाठवते, तो पहाटे-सकाळी सगळ्यात जोरात असतो आणि रात्री मंदावतो.

ही दोन संप्रेरकं बनवण्याच्या शेवटच्या टप्प्यातली दोन जनुकं (सीवायपी११बी१ आणि सीवायपी११बी२) आठव्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत आणि त्यांची रचना सुमारे ९५ टक्के सारखी आहे. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रं आपापसांत तुकड्यांची देवाणघेवाण करतात. इतकी सारखी जनुकं शेजारी असली की क्वचित ही देवाणघेवाण सरकून होते आणि एक तिसरंच, जोडजनुक तयार होतं. त्याचा पुढचा, हुकूम घेणारा भाग कॉर्टिसॉलवाल्या जनुकाचा असतो आणि काम करणारा भाग अल्डोस्टेरोनवाल्याचा. दिवा आपल्या घरात आणि बटण शेजाऱ्याच्या हातात, तसला हा प्रकार. मग शरीरात मीठ भरपूर असलं तरी एसीटीएचचा निरोप आला की अल्डोस्टेरोन तयार होत राहतं. बीपी चढतं आणि रेनिन तळाला जातं.

उपाय याच बिघाडात दडलेला आहे. बाहेरून थोडंसं स्टेरॉइड दिलं की पिट्युटरी एसीटीएच आवरती घेते आणि हे जादा अल्डोस्टेरोन थांबतं. जेरोम कॉन यांनी १९५५ साली अल्डोस्टेरोनच्या अतिरेकाचा आजार मांडला. त्यानंतर १९६६ मध्ये कॅनडातल्या सदरलंड, रूस आणि लेडलॉ या डॉक्टरांनी एका बाप-लेकाची हकिगत प्रसिद्ध केली. दोघांचंही बीपी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं खाली आलं होतं. हे असं का होतं याचं उत्तर मिळायला १९९२ उजाडलं. रिचर्ड लिफ्टन, रॉबर्ट डलुही आणि सहकाऱ्यांनी ते जोडजनुक शोधून काढलं. उच्च रक्तदाबामागे एकच जनुक असल्याचं इतकं स्वच्छ दाखवणारी ही सुरुवातीची उदाहरणं.

आजार दुर्मीळ आहे. अल्डोस्टेरोनच्या अतिरेकानं बीपी वाढलेल्या रुग्णांतही जीआरए साधारण एका टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी सापडतो. सुरुवातीला नोंदलेली बरीच घराणी आयरिश-स्कॉटिश वंशाची होती. मात्र जनुकांची ही अदलाबदल वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे झालेली आढळली आहे, आणि इटली, जपान, चीन इथूनही रुग्णांची नोंद झाली आहे. तेव्हा "हा गोऱ्यांचा आजार" म्हणून मोकळं होता येत नाही.

पायरी २ : शंका घ्यायची की नाही ते ठरवा

चाळिशी-पन्नाशीत वजन वाढल्यावर बीपी लागलं असेल तर जीआरएच्या मागे लागू नका. पुढच्यातलं काही असेल तर मात्र डॉक्टरांकडे विषय काढा: विशीच्या आत बीपी वाढलेलं सापडणं, तीन-तीन औषधांनाही बीपी दाद न देणं, लघवीची गोळी सुरू करताच पोटॅशियम एकदम घसरणं, आणि जवळच्या नात्यात कुणाला चाळिशीच्या आत मेंदूत रक्तस्राव किंवा अर्धांगवायू झालेला असणं.

पोटॅशियमबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण तिथेच निदान हुकतं. अल्डोस्टेरोन जास्त म्हणजे पोटॅशियम कमी, असं पाठ्यपुस्तकात असतं. जीआरएमध्ये मात्र कित्येकांचं पोटॅशियम चक्क नॉर्मल येतं. "पोटॅशियम ठीक आहे, म्हणजे हार्मोनचा प्रश्न नाही" हा निष्कर्ष इथे चालत नाही. पायांत गोळे येणं, गळून जाणं, रात्री लघवीला पुन्हा पुन्हा उठावं लागणं ही कमी पोटॅशियमची लक्षणं असली तर शंकेला बळ मिळतं. नसली तरी शंका मिटत नाही.

तपासण्यांचा खर्च करण्याआधी एक गोष्ट बिनपैशाची करा: घरात ज्येष्ठमध किती खाल्लं जातं ते बघा. घसा बसला म्हणून रोज चघळायची कांडी, काढा, चूर्ण, खोकल्याच्या काही गोळ्या, या सगळ्यांत ते असू शकतं. ज्येष्ठमधातला ग्लिसिरायझिन हा घटक कॉर्टिसॉलला अल्डोस्टेरोनसारखं वागू देतो. बीपी वाढतं, पोटॅशियम घटतं, रेनिन दबतं आणि सगळं चित्र या आजारासारखं दिसतं. फरक इतकाच, की त्यात खुद्द अल्डोस्टेरोनही कमी असतं. गवई, कीर्तनकार, शिक्षक मंडळींनी हे जरूर लक्षात ठेवावं. "आयुर्वेदिक आहे, ते काय सांगायचं" असं म्हणू नका, डॉक्टरांना सांगा.

पायरी ३ : घराण्याचा तक्ता काढा

एक मोठा कागद घ्या. स्वतःपासून सुरुवात करून भावंडं, आई-वडील, काका, आत्या, मामा, मावशी, दोन्हीकडचे आजी-आजोबा आणि चुलत-मावस-मामे-आते भावंडं, सगळे त्यावर मांडा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: बीपी आहे का, असल्यास कितव्या वर्षी कळलं, आणि मृत्यू झाला असेल तर कशानं व कितव्या वर्षी. आपल्याकडे मृत्यूचं कारण "अॅटॅक आला" या दोन शब्दांत संपतं. छातीत दुखून गेले, की डोकं धरून बसले, उलटी झाली आणि शुद्ध हरपली, हे विचारा. दुसरं वर्णन मेंदूतल्या रक्तस्रावाचं असू शकतं. हे सगळं बहुधा घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला माहीत असतं. तिला आधी गाठा.

तक्त्यात काय बघायचं? जीआरए प्रभावी पद्धतीनं उतरतो. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून सदोष जनुक आलं तरी पुरे, आणि बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता ५० टक्के असते. मुलगा-मुलगी असा भेद नाही. म्हणून तो सहसा पिढी न चुकवता खाली येताना दिसतो. पण जनुक असूनही बीपी जवळपास ठीक असलेली माणसं त्याच घराण्यात सापडतात. त्यामुळे "आत्याला काही नव्हतं" यावरून आत्याची अख्खी फांदी पुसून टाकू नका.

नात्यातल्या लग्नाचा प्रश्न इथे हमखास निघतो. मामाची मुलगी केली म्हणून हे झालं का? नाही. नात्यातल्या लग्नामुळे ज्या आजारांचा धोका वाढतो ते दोन्ही बाजूंनी सदोष जनुक यावं लागणारे असतात. बीपी वाढवणारे तसले अॅड्रिनलचे दुर्मीळ आजारही आहेत, पण ते निराळे. जीआरएसाठी सुनेला किंवा सोयरिकीला बोल लावायचं कारण नाही.

पायरी ४ : रेनिन-अल्डोस्टेरोनची तपासणी नीट तयारीनं करा

इथे एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे संप्रेरकतज्ज्ञ हवेत. मोठ्या शहरांत खासगी तज्ज्ञ मिळतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयातही हा विभाग आहे. पहिली तपासणी रक्ताची: अल्डोस्टेरोन, रेनिन आणि दोन्हींचं गुणोत्तर. रेनिन दबलेलं आणि त्या मानानं अल्डोस्टेरोन जास्त, हे अल्डोस्टेरोनच्या अतिरेकाचं लक्षण.

ही तपासणी चुकीच्या तयारीमुळे वाया जाण्याचं प्रमाण मोठं आहे, म्हणून बारकावे सांगतो. रक्त सकाळी द्यायचं, पण अंथरुणातून उठून किमान दोन तास झालेले असावेत, आणि देण्याआधी पाच ते पंधरा मिनिटं बसून राहावं. म्हणजे धावतपळत लॅब गाठून लगेच हात पुढे करायचा नाही. आधीच्या दिवसांत मीठ मुद्दाम तोडू नका. मीठ कमी पडलं की रेनिन वर येतं आणि आजार झाकला जातो. श्रावणातले अळणी उपवास सुरू असतील तर ते संपल्यावर तपासणी करा. पोटॅशियम कमी असेल तर आधी ते भरून काढावं लागतं, कारण कमी पोटॅशियम अल्डोस्टेरोनला दाबतं. रक्त काढताना मूठ सारखी उघड-मीट करायला सांगतात, ती करू नका. त्यानं नमुन्यातलं पोटॅशियम खोटं वाढतं.

औषधांचा गुंता सगळ्यात मोठा. स्पायरोनोलॅक्टोनसारखी, अल्डोस्टेरोनचा परिणाम रोखणारी औषधं साधारण चार आठवडे आधी बंद ठेवावी लागतात. बीटा-ब्लॉकर आणि अंगदुखी-गुडघेदुखीच्या गोळ्या गुणोत्तर खोटं वाढवू शकतात. नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असलेली औषधं ते खोटं कमी करू शकतात. त्या काळात बीपी सांभाळायला डॉक्टर व्हेरापामिल किंवा डॉक्साझोसिनसारखी, निकालात फारशी ढवळाढवळ न करणारी औषधं देतात. यातलं काहीही स्वतःहून बंद करायचं नाही. तपासणीसाठी गोळ्या सोडल्या आणि त्यातच बीपी उसळलं, ही या आजारात फार महागात पडणारी गोष्ट आहे.

आणि रिपोर्ट हातात आला की एककं बघा. रेनिन दोन पद्धतींनी मोजतात, अल्डोस्टेरोनची एककंही लॅबप्रमाणे बदलतात, म्हणून एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या मर्यादेशी ताडून घाबरू नका. पुढच्या वेळीही शक्यतो तीच लॅब धरा.

पायरी ५ : जनुकीय तपासणी, आणि लॅबला विचारायचा एक प्रश्न

पूर्वी काही दिवस डेक्सामेथासोन देऊन अल्डोस्टेरोन दबतं का, ते बघत. ती चाचणी अजूनही केली जाते, पण तिच्यात चुकीचे होकार येतात. आज खात्रीचं निदान जनुकीय तपासणीनंच होतं. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीची २०१६ ची मार्गदर्शक सूत्रं सांगतात, की अल्डोस्टेरोनचा अतिरेक विशीच्या आत सुरू झाला असेल, किंवा घराण्यात हा आजार अथवा तरुणपणीचा पक्षाघात असेल, तर ही तपासणी करावी.

लॅबला विचारायचा प्रश्न असा: "तुमच्या तपासणीत सीवायपी११बी१ आणि सीवायपी११बी२ यांचं जोडजनुक, म्हणजे कायमेरिक जीन, सापडतं का? त्यासाठी लाँग पीसीआर करता का?" हे विचारायचं कारण, लाँग पीसीआरमध्ये जनुकाचा लांब तुकडा सलग घेतात, तर नेहमीच्या एक्झोम किंवा पॅनल तपासणीत (एकाच वेळी अनेक जनुकं बघणाऱ्या) जनुकाची अक्षरं तुकड्यातुकड्यांनी वाचतात. ही दोन जनुकं इतकी सारखी आहेत, की जोड नेमकी कुठे झाली ते तुकड्यांत हरवू शकतं. मग रिपोर्टवर "काही आढळलं नाही" असं येतं आणि अख्खं घर निर्धास्त होतं. महागडी तपासणी म्हणजे सगळं सापडलं, असं नसतं.

तरुण रुग्णाच्या सीटी स्कॅनमध्ये अॅड्रिनलवर गाठ दिसली आणि शस्त्रक्रियेचा विषय निघाला, तर जनुकीय तपासणी झाली का, हे आधी विचारा. जीआरएमध्ये दोष दोन्ही ग्रंथींत असतो, एक ग्रंथी काढून आजार जात नाही.

पायरी ६ : औषधं

निदान पक्कं झालं की उपचाराचे दोन रस्ते असतात. पहिला, रात्री झोपताना अगदी थोडं स्टेरॉइड. मोठ्या माणसाला डेक्सामेथासोन साधारण ०.१२५ ते ०.२५ मिलीग्रॅम, किंवा प्रेडनिसोलोन २.५ ते ५ मिलीग्रॅम. रात्रीच का? एसीटीएचची पहाटेची उसळी आवरायची असते म्हणून. डोस इतका कमी ठेवतात की बीपी ताब्यात यावं आणि स्टेरॉइडचे दुष्परिणाम होऊ नयेत. रक्तातले सगळे आकडे आदर्श करण्याचा अट्टहास धरला तर डोस वाढत जातो आणि वजन, साखर, हाडं यांची वाट लागते.

दुसरा रस्ता, अल्डोस्टेरोनचा परिणामच रोखणारी औषधं: स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन, किंवा अमिलोराइड. स्पायरोनोलॅक्टोननं पुरुषांच्या छातीला सूज येऊ शकते. संकोचून गोळी सोडण्यापेक्षा डॉक्टरांना सांगा, बदलून मिळते. बीपी बरीच वर्षं चढलेलं असेल तर रक्तवाहिन्या कडक झालेल्या असतात, तेव्हा जोडीला अॅम्लोडिपिनसारखं नेहमीचं औषधही लागू शकतं.

तीन धोके मात्र पाठ असावेत. डेक्सामेथासोन आपल्याकडे कुठल्याही मेडिकलमध्ये काही रुपयांत मिळतं, म्हणून "घेऊन तर बघू" असं करू नका, नेहमीची ०.५ मिलीग्रॅमची गोळीसुद्धा इथे लागणाऱ्या डोसच्या दुप्पट-चौपट होते. रोज स्टेरॉइड घेणाऱ्यानं ते अचानक थांबवायचं नाही, आणि मोठा ताप, ऑपरेशन, अपघात अशा वेळी "मी स्टेरॉइडवर आहे" हे समोरच्या डॉक्टरांना सांगायचं. तिसरा धोका स्वयंपाकघरात आहे. बीपीवाल्यांसाठी म्हणून विकलं जाणारं लो-सोडियम मीठ म्हणजे बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइड घातलेलं मीठ. स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन किंवा अमिलोराइड सुरू असताना ते खाल्लं तर पोटॅशियम धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. रोजच्या शहाळ्याचंही तेच. साधंच मीठ खा, कमी खा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आहे, आणि लोणचं, पापड, फरसाण, खारी मासळी यांतलं मीठ त्यातच मोजायचं असतं.

पायरी ७ : मेंदूची काळजी

जीआरएची खरी भीती इथे आहे. १९९८ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी जनुकीय निदान झालेल्या २७ घराण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जवळपास निम्म्या घराण्यांत कुणाला तरी मेंदूच्या रक्तवाहिनीचा झटका आलेला होता. झटक्याच्या वेळचं सरासरी वय सुमारे ३२ होतं आणि सुमारे ७० टक्के झटके रक्तस्रावाचे होते, मुख्यतः धमनीला आलेला फुगा फुटून झालेले. अशा अभ्यासात गंभीर घराणीच आधी सापडतात, त्यामुळे हे आकडे प्रत्येक रुग्णाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरी वय बघा. या वयात आपल्याकडे कुणी बीपीसुद्धा मोजत नाही.

त्याच संशोधकांनी सुचवल्याप्रमाणे, निदान झालेल्या व्यक्तीच्या मेंदूच्या धमन्यांचं एमआर अँजिओग्राफी स्कॅन वयात येताना आणि नंतर दर पाच वर्षांनी करतात. ते बहुधा इंजेक्शनशिवाय होतं आणि त्यात क्ष-किरण नसतात. फुगा सापडलाच तर पुढे काय, ते मेंदूशल्यचिकित्सक ठरवतात.

घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: अचानक, आयुष्यात कधी दुखलं नव्हतं इतकं डोकं दुखलं, उलटी झाली, तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर महाराष्ट्रात १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठा. अॅस्पिरिनची गोळी जिभेखाली ठेवू नका. हृदयविकारासाठी ऐकलेला तो सल्ला मेंदूत रक्तस्राव असताना जीव घेऊ शकतो.

पायरी ८ : मुलं, गरोदरपण आणि बाकीचे नातेवाईक

मुलाचं बीपी मोठ्यांच्या आकड्यांनी मोजत नाहीत. वय, उंची आणि मुलगा की मुलगी यांप्रमाणे तक्ते असतात, आणि पट्टा लहान हाताच्या मापाचा लागतो. मोठा पट्टा लावला तर बीपी खोटं कमी येतं. बालरोगतज्ज्ञांना आपण होऊन सांगा, "घरात जीआरए आहे, बीपी मोजा." मुलांत स्टेरॉइडनं उंची खुंटण्याचा धोका असतो, म्हणून डोस फार जपून देतात किंवा दुसऱ्या रस्त्याची औषधं निवडतात. दर भेटीला उंचीची नोंद ठेवायचा आग्रह धरा.

मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधीच औषधांचा आढावा घ्या. स्पायरोनोलॅक्टोन गरोदरपणात टाळतात, 'प्रिल' आणि 'सार्टन' तर घेऊच नयेत, आणि डेक्सामेथासोन वारेतून बाळापर्यंत पोचतं. पर्याय आहेत, पण ते आधी ठरलेले बरे.

नातेवाइकांना सांगणं हे सगळ्यात अवघड काम. लग्न जमायचं असलेल्या घरात तर दार बंदच होतं. फॅमिली ग्रुपवर टाकू नका. एकेकाला भेटून किंवा फोनवर सांगा, आणि आपल्या जनुकीय रिपोर्टची प्रत द्या, कारण नेमकं काय शोधायचं हे त्यावरून त्यांच्या लॅबला कळतं. क्रम साधा आहे: आधी आई-वडील, भावंडं आणि स्वतःची मुलं. त्यांच्यात ज्याच्या तपासणीत जोडजनुक सापडेल, त्याच्या फांदीनं पुढे जायचं. योग्य पद्धतीनं केलेल्या तपासणीत ज्याला जोडजनुक नाही, त्याच्या मुलाबाळांना ही तपासणी करायची गरज नाही. तेवढ्या फांदीपुरता विषय तिथेच संपतो.